पहिला विजेता सात वर्षांत रग्बीतून गेला: मॅनिंगहॅम क्लब आणि नॉर्दर्न युनियनचा १८९५-९६ चा मोसम

१८९६ च्या एप्रिलअखेर इंग्लंडमधल्या हन्स्लेट क्लबच्या मैदानावर रग्बीचा एक सामना झाला. निकाल ४-०. ऐंशी मिनिटांत एकच ड्रॉप गोल (चेंडू हातातून सोडून, जमिनीवर टेकताच लाथेने गोलखांबांच्या आडव्या दांडीवरून मारणं), बाकी दोन्ही बाजूंची पाटी कोरी. त्या एका किकवर ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम क्लबने नॉर्दर्न युनियन या उत्तर इंग्लंडच्या क्लबांच्या नव्या संघटनेचं पहिलंवहिलं विजेतेपद मिळवलं, तेही गुणतक्त्यात हॅलिफॅक्सपेक्षा अवघा एक गुण जास्त घेऊन. आज ज्याला आपण रग्बी लीग म्हणतो, त्या खेळाचा हा पहिला मोसम. २९ मे १९०३ रोजी याच क्लबच्या सभासदांनी ७५ विरुद्ध ३४ मतांनी ठरवलं की रग्बी बंद करायची आणि फुटबॉल खेळायचा.

सात वर्षांत असं काय घडलं? या प्रश्नावर सहसा एका वाक्यात उत्तर मिळतं: पैसे संपले. ते खरं आहे, पण अपुरं आहे. पैसे का संपले आणि विजेत्याचेच का संपले, हे समजून घ्यायचं तर त्या पहिल्या मोसमाच्या आखणीकडे परत जावं लागतं. कामगार खेळाडूचा बुडालेला रोज भरून द्यायचा, हे तत्त्व त्या वर्षी मान्य झालं. माझ्या मते खेळांच्या इतिहासातला तो मोठा न्यायाचा निर्णय होता. पण भरपाईचा पैसा कुठून आणायचा, हे ज्या त्या क्लबवर सोपवलं गेलं, आणि मोसम असा आखला गेला की खाडे कमी होण्याऐवजी वाढले.

शनिवारचा प्रश्न

इंग्लंडमध्ये १८७१ साली रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली. ती चालवणारी मंडळी खासगी निवासी शाळांतून आणि विद्यापीठांतून आलेली. वकील, डॉक्टर, व्यापारी, जमीनदारांची मुलं. खेळासाठी पैसे घेणं त्यांना हीन वाटायचं. पण १८८० च्या दशकापर्यंत उत्तरेकडे, यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये, खेळाचा चेहरा पुरता बदलला होता. लोकरीच्या आणि सुती गिरण्या, कोळशाच्या खाणी, गोद्या, रसायनांचे कारखाने इथली माणसं रग्बी खेळू लागली होती, आणि सामना बघायला हजारोंनी लोटत होती.

१८५० च्या कारखाना कायद्याने गिरण्यांत शनिवारी दुपारी दोन वाजता काम थांबवण्याची सोय झाली होती. शनिवारी दुपारचे सामने ही त्याच कायद्याची देणगी. घरच्या मैदानावर सामना असेल तर गिरणीचा भोंगा झाला की घाईघाईने मैदान गाठता यायचं. पण सामना बाहेरगावी असला की सगळं बिघडायचं. ब्रॅडफर्डच्या विणकराला मर्सी नदीकाठच्या विडनेसला तीनच्या सुमारास मैदानात उतरायचं, तर पेनाइनच्या डोंगररांगा ओलांडणारी गाडी सकाळीच पकडायला हवी. म्हणजे शनिवारची सकाळची पाळी बुडाली, खाडा पडला, आणि हप्त्याच्या पगारातून तेवढी मजुरी गेली. वकिलाच्या मुलाला ही अडचण कधी आलीच नाही. त्याच्या दृष्टीने हौसेने खेळणं फुकटच होतं. कामगाराला मात्र त्या हौसेची किंमत दर आठवड्याला मोजावी लागायची.

२० सप्टेंबर १८९३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर पॅलेस हॉटेलात युनियनची सर्वसाधारण सभा भरली. यॉर्कशायरच्या वतीने जेम्स मिलर यांनी ठराव मांडला आणि मार्क न्यूसम यांनी त्याला अनुमोदन दिलं: खेळाडूचा खरोखर बुडालेला वेळ भरून देण्याची मुभा असावी. पगार नाही, बक्षीस नाही, फक्त भरपाई. ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. विरोधकांनी इतर क्लबांची मुखत्यारपत्रं गोळा करून गठ्ठ्याने आणली होती. उत्तरेचे प्रतिनिधी खास गाडी करून आले होते, तरी संख्येत ते मागेच राहिले.

पुढची दोन वर्षं चौकशा, निलंबनं आणि संशयात गेली. व्यावसायिकतेच्या आरोपावरून लँकेशायरचे एकामागून एक क्लब बंदीखाली आले. कोणी कोणाला गुपचूप पैसे दिले, कोणी दारूचं दुकान चालवायला दिलं, याचे कागद तपासले जात होते. निर्दोष असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी क्लबवरच टाकणारे नवे कडक नियम येऊ घातले, तेव्हा उत्तरेतल्या मोठ्या क्लबांचा धीर सुटला.

२९ ऑगस्ट १८९५, गुरुवार, संध्याकाळ. हडर्सफील्डच्या रेल्वे स्टेशनला लागून असलेलं जॉर्ज हॉटेल. यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या क्लबांचे प्रतिनिधी इथे बसले आणि नॉर्दर्न रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली. ब्रिगहाउस रेंजर्सचे हॅरी वॉलर अध्यक्ष झाले, ओल्डहॅमचे जोसेफ प्लॅट सचिव. ड्यूजबरीने पाऊल मागे घेतलं, स्टॉकपोर्ट आणि रंकॉर्न आले, आणि मोसम सुरू झाला तेव्हा बावीस क्लब होते. भरपाईची कमाल मर्यादा ठरली: दिवसाला सहा शिलिंग. कुशल कामगाराच्या एका दिवसाच्या मजुरीच्या आसपासची ही रक्कम. खेळून कोणी श्रीमंत होणार नव्हता, फक्त खेळल्यामुळे कोणी उपाशी राहणार नव्हता.

सभा झाली गुरुवारी, आणि पहिले सामने ७ सप्टेंबरला. मध्ये फक्त नऊ दिवस. नव्या संघटनेचं वेळापत्रक, पंच, नोंदी, सगळं त्या नऊ दिवसांत उभं राहिलं. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मॅनिंगहॅम

मॅनिंगहॅम हा ब्रॅडफर्ड शहराचा उत्तरेकडचा भाग. तिथे लिस्टरची मॅनिंगहॅम मिल होती, रेशीम आणि मखमल विणणारी, तिची चिमणी २४९ फूट उंच. डिसेंबर १८९० मध्ये मालकाने मजुरीत मोठी कपात जाहीर केली आणि सुमारे पाच हजार कामगार संपावर गेले. त्यात बहुसंख्य बायका आणि मुली होत्या. संप एकोणीस आठवडे चालला. एप्रिल १८९१ मध्ये शहरात दंगल झाली, रस्त्यावर सैन्य उतरलं, आणि त्या महिन्याच्या अखेरीस कामगार कपात मान्य करून परतले. जानेवारी १८९३ मध्ये ब्रॅडफर्डमध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली, त्यामागे या संपाचा अनुभव होता. खेळाच्या इतिहासात मी हे मुद्दाम सांगतो आहे. मजुरीचा एकेक शिलिंग कसा झगडून राखावा लागतो, हे ज्या वस्तीने नुकतंच अनुभवलं होतं, त्या वस्तीचा हा क्लब होता. सहा शिलिंगांच्या भरपाईचा अर्थ तिथे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

क्लबचं मैदान होतं व्हॅली परेड. आधीच्या मैदानाची जागा शाळेसाठी गेली, म्हणून १८८६ साली क्लब इथे आला. टेकडीचा उतार खणून, सपाट करून ते तयार केलेलं. क्लबचे रंग गडद तांबडा आणि केशरी-पिवळा. शहरात दुसरा, जास्त मोठा आणि जास्त पैसेवाला क्लब होता: पार्क ॲव्हेन्यूवर खेळणारा ब्रॅडफर्ड क्लब. मॅनिंगहॅम नेहमीच त्याच्या सावलीत राहिलेला. एकाच शहरातले हे दोन क्लब एकाच प्रेक्षकवर्गाच्या खिशावर जगत होते. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

बेचाळीस सामने

बावीस क्लब, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे प्रत्येकाचे बेचाळीस सामने. एकूण ४६२.

इथे एक खुलासा हवा. या पहिल्या मोसमात नॉर्दर्न युनियनचा खेळ जुन्या रग्बीपेक्षा वेगळा दिसत नव्हता. पंधराच खेळाडू, तेच स्क्रम (चेंडूसाठी दोन्ही संघांनी एकमेकांना भिडून रेटणं), तोच लाइन-आउट (बाहेर गेलेला चेंडू दोन संघांच्या रांगांमध्ये फेकणं). ट्रायला, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवण्याला, तीन गुण, त्यानंतरच्या यशस्वी किकला दोन, ड्रॉप गोलला चार. लाइन-आउट १८९७ साली गेला आणि सगळे गोल दोन गुणांचे झाले. संघात तेरा खेळाडू आले ते १९०६ साली. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर ज्यांनी रग्बी पाहिली आहे, त्यांनी पाहिलेली रग्बी पंधरा जणांची, म्हणजे लंडनकडच्या युनियनची. १८९५ मध्ये या दोहोंत फरक होता तो खेळाडूला खाडाभरपाई देण्याच्या हक्काचा, मैदानातला नव्हे.

पहिल्या दिवशी बॅटलीने हलला ७-३ असं हरवलं. नॉर्दर्न युनियनचा पहिला ट्राय बॅटलीच्या जो ओकलंडच्या नावावर नोंदलेला आहे. त्यानंतर सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत पाऊस, चिखल आणि धुक्यात हा गाडा ओढला गेला. गुण कमी, संरक्षण घट्ट, बरोबऱ्या भरपूर.

मोसमअखेरचे आकडे बघण्यासारखे आहेत. तक्त्यात विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. मॅनिंगहॅम: ३३ विजय, ९ पराभव, बरोबरी एकही नाही, ६६ गुण. हॅलिफॅक्स: ३० विजय, ५ बरोबऱ्या, ७ पराभव, ६५ गुण. म्हणजे विजेत्याने उपविजेत्यापेक्षा दोन सामने जास्त गमावले. हॅलिफॅक्सने पाचपैकी दोन बरोबऱ्या विजयात बदलल्या असत्या तरी करंडक तिकडे गेला असता. रंकॉर्न आणि ओल्डहॅम ५६ गुणांवर, ब्रिगहाउस रेंजर्स ५३ वर. तळाशी रॉचडेल हॉर्नेट्स, बेचाळीस सामन्यांत फक्त चार विजय.

आता मैदानातले गुण. मॅनिंगहॅमने ३६७ केले आणि १५८ दिले. ओल्डहॅमने त्याहून जास्त, ३७४ केले. त्यांच्या जॅक हर्स्टने मोसमात सर्वाधिक २८ ट्राय केले. हॅलिफॅक्सने फक्त १३९ दिले आणि ब्रिगहाउसने तर त्याहून कमी, १२९. म्हणजे मॅनिंगहॅम ना सर्वांत धारदार होतं, ना सर्वांत चिवट. त्यांचं वैशिष्ट्य एकच: अटीतटीचा सामना ते सोडत नव्हते. एका सामन्यात सरासरी नऊपेक्षा कमी गुण करणारा संघ तेहतीस सामने जिंकतो, तेव्हा त्यातले कित्येक एका ट्रायच्या किंवा एका किकच्या फरकाने जिंकलेले असणार. अशा संघाला गोल मारणारा भरवशाचा माणूस लागतो. तो होता जॉर्ज लॉरिमर. त्या मोसमात त्याचे १०६ गुण झाले. १८९७ साली विषमज्वराने तो गेला, जेमतेम पंचविशीत. लीगच्या पहिल्या विजेत्यांपैकी ज्याचं नाव सगळ्यांना माहीत असायला हवं होतं, त्याचं आयुष्य असं अर्ध्यावर तुटलं.

हिशेब

७ सप्टेंबर १८९५ ते २५ एप्रिल १८९६ या काळात शनिवार येतात चौतीस. सामने बेचाळीस. म्हणजे अगदी एकही शनिवार वाया गेला नाही असं धरलं, तरी किमान आठ सामने दुसऱ्या वाराला खेळावे लागणार. त्यातले काही नाताळ, नववर्ष, गुड फ्रायडे, ईस्टरच्या सुट्टीत बसवता येतात. उरलेले आठवड्याच्या मध्ये. प्रकाशझोत नव्हते, म्हणजे सामना दिवसाउजेडी आणि कामाच्या वेळातच. शनिवारच्या बाहेरगावच्या सामन्याला अर्धा दिवस बुडत असे, मधल्या वारी अख्खा दिवस.

या प्रकरणातली ही गाठ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कामगाराचा बुडालेला दिवस भरून द्यायचा म्हणून नवी संघटना निघाली, आणि तिने पहिल्याच वर्षी असा मोसम आखला की बुडणारे दिवसच वाढले. लोभ हे त्याचं कारण असावं असं मला वाटत नाही. जुन्या युनियनपासून फारकत घेतल्यावर या बावीस क्लबांना खेळायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं. जुन्या युनियनच्या क्लबांनी त्यांच्याशी सामने खेळणं बंद केलं होतं. सगळ्यांनी सगळ्यांशी दोनदा खेळायचं, हीच त्या घडीची सहज सुचणारी वाट होती.

पण खर्च मोजा. पंधरा खेळाडूंना सहा-सहा शिलिंग म्हणजे नव्वद शिलिंग, साडेचार पौंड. सगळ्या बेचाळीस सामन्यांना पूर्ण भरपाई द्यावी लागली तर मोसमाचे १८९ पौंड. प्रत्यक्षात प्रत्येक सामन्यात प्रत्येकाचा खाडा पडत नसे, त्यामुळे हा आकडा वरच्या टोकाचा आहे. त्यात एकवीस बाहेरगावच्या सामन्यांचं पंधरा-सोळा जणांचं रेल्वेभाडं, जेवण, मैदानाची डागडुजी, पंचांचा खर्च. मिळकत म्हणजे मुख्यतः गेटवरचा गल्ला आणि सभासदांची वर्गणी. पावसाच्या शनिवारी गल्ला अर्ध्यावर यायचा, भरपाई आणि गाडीभाडं मात्र तेवढंच राहायचं.

विजेतेपदाने यातलं काय बदललं? फारसं काही नाही. करंडक मिळाला, मान मिळाला, शहरभर कौतुक झालं. पण जिंकणाऱ्याला काही वेगळं उत्पन्न मिळेल अशी रचनाच नव्हती. दुसऱ्या मोसमात, १८९६-९७ मध्ये, चॅलेंज कपची स्पर्धा सुरू झाली तेव्हा बादफेरीच्या सामन्यांचा गल्ला हाच अनेक क्लबांचा आधार झाला. पहिला अंतिम सामना २४ एप्रिल १८९७ ला हेडिंग्लीवर झाला, बॅटलीने सेंट हेलेन्सला १०-३ असं हरवलं, आणि १३,४९२ लोक आले. (हा चषक ब्रॅडफर्डच्याच फॅटोरिनी पेढीत घडवलेला होता. कारागिरी शहराची, चषक मात्र बॅटलीकडे.)

पहिल्या वर्षाचा धडा संघटनेने लगेच घेतला, हे मान्य करायला हवं. दुसऱ्या मोसमापासून एकत्र लीग मोडून यॉर्कशायर आणि लँकेशायर अशा दोन वेगळ्या स्पर्धा झाल्या. प्रवास घटला, खाडे घटले. त्या वर्षी यॉर्कशायरची स्पर्धा ब्रिगहाउस रेंजर्सने जिंकली. मॅनिंगहॅमला मात्र आपला मोसम पुन्हा कधीच सापडला नाही.

उतरण

१८९८ मध्ये नॉर्दर्न युनियनने उघड पगार मान्य केला. खाडाभरपाईच्या आडून काय चालतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि प्रत्येक खाड्याचा पुरावा तपासणं कोणाला झेपत नव्हतं. पण पगारासोबत एक विचित्र अट आली: खेळाडूला खेळाखेरीज खरीखुरी नोकरी असलीच पाहिजे. बिलियर्ड्सच्या टेबलावर गुण मोजणारा, दारूच्या गुत्त्यात वाढपी असणारा, अशांची कामं नोकरी म्हणून धरली जात नसत. आठवड्यात कामावर न गेलेल्या खेळाडूला शनिवारी खेळवलं तर दंड आणि बंदी. नोकरी गेली की खेळही गेला. मंदीत गिरणीने कामावरून कमी केलेल्या माणसाला मैदानावरची मिळकतही बंद. १९०५ पर्यंत ही अट टिकली. तिच्यामागचा हेतू मला कळतो. खेळावर सट्टा आणि गुत्ते यांचा ताबा येऊ नये ही ती भीती होती. तरी तिचा भार पडला तो ज्याच्यासाठी ही सगळी फाटाफूट झाली त्याच कामगारावर.

मॅनिंगहॅमवर पगाराचा झालेला परिणाम वेगळा होता. सहा शिलिंगांची मर्यादा होती तोवर मोठा क्लब आणि छोटा क्लब खेळाडूला कागदोपत्री सारखंच देऊ शकत होते. १८९८ नंतर ज्याचा गल्ला मोठा त्याला चांगले खेळाडू आणता येऊ लागले. ब्रॅडफर्ड शहरात मोठा गल्ला होता पार्क ॲव्हेन्यूवर. ब्रॅडफर्ड क्लबने १८९९-१९०० आणि १९००-०१ अशी लागोपाठ दोन वर्षं यॉर्कशायरची स्पर्धा जिंकली. शनिवारी दुपारी एक सामना बघण्याइतकेच पैसे खिशात असलेला माणूस जिंकणाऱ्या संघाकडे जाणार. व्हॅली परेडच्या कट्ट्यावरची माणसं अशीच शहराच्या दुसऱ्या बाजूला वळली.

१९०१ साली चौदा बड्या क्लबांनी आपली वेगळी लीग काढली. ब्रॅडफर्ड त्यात होतं. पहिल्या मोसमाचा विजेता मॅनिंगहॅम त्यात नव्हता. निवड विजयांवर नाही, ताकदीवर झाली. १९०२-०३ मध्ये दोन विभाग पडले आणि मॅनिंगहॅम दुसऱ्यात गेला. त्या विभागात साउथ शील्ड्स होतं, कंबरलंडच्या किनाऱ्यावरचं मिलम होतं, बॅरो होतं, मोरकॅम आणि लँकेस्टर होतं. पहिल्या मोसमातल्या प्रवासापेक्षाही लांबचे पल्ले, आणि समोर असे संघ ज्यांच्यासाठी ब्रॅडफर्डचा प्रेक्षक घराबाहेर पडेना. शहरातल्या शहरात होणारा ब्रॅडफर्डविरुद्धचा सामना, ज्याला गर्दी हमखास, तोही लीगच्या वेळापत्रकातून गेला. पहिल्या वर्षी जी चूक नकळत झाली होती, ती इथे छोट्या क्लबांच्या माथी जाणूनबुजून मारली गेली, असं माझं स्पष्ट मत आहे. वरच्या विभागाने कमी प्रवासात जास्त गल्ला घेतला आणि खालच्या विभागाला उरलेला नकाशा दिला.

७५ विरुद्ध ३४

१९०३ च्या जानेवारीअखेर 'ब्रॅडफर्ड ऑब्झर्व्हर'चे उपसंपादक जेम्स व्हाइट यांनी व्हॅली परेडवर फुटबॉल असोसिएशनच्या प्रतिनिधीची भेट घेतली. वेस्ट रायडिंगचा, म्हणजे यॉर्कशायरच्या पश्चिम भागाचा, हा सगळा पट्टा रग्बीचा बालेकिल्ला होता आणि फुटबॉलवाल्यांना इथे पाय रोवायचा होता. त्यांच्याकडे नव्हतं ते तयार मैदान आणि तयार सभासद. मॅनिंगहॅमकडे हे दोन्ही होतं, नव्हते ते पैसे. फुटबॉल लीगने ३० मतांनी नव्या क्लबला थेट दुसऱ्या विभागात घेतलं. डॉनकॅस्टर रोव्हर्सची जागा त्यांना मिळाली. तोवर या क्लबने फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता, संघसुद्धा जमलेला नव्हता.

सभासदांसमोरचा पर्याय किती एकतर्फी होता हे लक्षात घेतलं, तर ३४ मतं मला फार मोलाची वाटतात. एका बाजूला देशभरची लीग, नवा प्रेक्षक, लंडनपर्यंतचे सामने. दुसऱ्या बाजूला मिलम आणि साउथ शील्ड्सचा प्रवास आणि वाढतं कर्ज. तरीही जवळपास एकतृतीयांश लोकांनी रग्बीला मत दिलं. ७५ जणांना दोष देण्याचं कारण नाही. त्यांनी क्लब मारला नाही. मैदान, रंग आणि नावाखालची माणसं त्यांनी वाचवली. क्लब झाला ब्रॅडफर्ड सिटी. १ सप्टेंबर १९०३ ला ग्रिम्सबीत पहिला सामना ०-२ असा हरला, आणि ५ सप्टेंबरला व्हॅली परेडवर गेन्सबरो ट्रिनिटीविरुद्ध ११,००० लोक आले. १९११ मध्ये या क्लबने एफए कप ही इंग्लंडची फुटबॉलची बादफेरी स्पर्धा जिंकली. तांबडा-केशरी पोशाख तोच राहिला, आजही आहे.

मग यात नुकसान कोणाचं झालं? माझ्या मते नॉर्दर्न युनियनचं, आणि ते एका क्लबापुरतं थांबलं नाही. त्याच १९०३ मध्ये स्टॉकपोर्ट गेला, त्याआधी लिव्हरसेज गेला होता, १९०६ मध्ये ब्रिगहाउस रेंजर्स, ज्यांचे हॅरी वॉलर संघटनेचे पहिले अध्यक्ष होते. जॉर्ज हॉटेलातल्या सभेला आलेल्या क्लबांपैकी छोटे, गावांचे आणि उपनगरांचे क्लब आधी पडले.

आणि मोठे तरी सुरक्षित होते का? व्हॅली परेडवरची फुटबॉलची गर्दी पार्क ॲव्हेन्यूला डोळ्यांसमोर दिसत होती. १९०४ ची लीग आणि १९०६ चा चॅलेंज कप जिंकलेल्या ब्रॅडफर्ड क्लबनेही १९०७ मध्ये रग्बी सोडून फुटबॉल धरला. ज्या सभासदांना हे पटलं नाही ते बाहेर पडले, त्यांनी ब्रॅडफर्ड नॉर्दर्न नावाचा नवा क्लब काढला आणि ग्रीनफील्डच्या मैदानावर नव्याने सुरुवात केली. रग्बी लीगचा पहिला विजेता ज्या शहराने दिला, त्या शहरात अकरा वर्षांनी हा खेळ पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागला.